प्राध्यापक वस्ताद

शाळेच्या वेळापत्रकात पी.टी.चा तास बहुतेक वेळा शेवटचा असतो. सहामाही जवळ आली की तो गणिताला जातो. पाऊस लागला की जातोच जातो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका शाळेत मी ३१ वर्षं क्रीडाशिक्षक होतो. मुलं 'सर' म्हणायची, पण शिक्षकखोलीत माझी ओळख 'शिट्टीवाले' अशी होती. पोराला पळायला, पडायला आणि पडून उठायला शिकवणं हेही शिकवणंच आहे, हे मला त्या खोलीत कधी नीट पटवून देता आलं नाही. ते शल्य अजून आहे. म्हणूनच १८९० साली एका विद्यापीठाच्या अध्यक्षाने एका खेळाडूला तहहयात प्राध्यापकपद देऊ केलं, ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसून राहिलो.

तो खेळाडू म्हणजे एमस अलोंझो स्टॅग. अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या पहिल्या पिढीतला नामांकित गडी, आणि पुढे सत्तर वर्षं प्रशिक्षक. आमच्या तालमीत 'प्रशिक्षक' हा शब्द नव्हता, 'वस्ताद' होता. मी स्टॅगना मनातल्या मनात वस्तादच म्हणतो.

माझी मुलगी शिकागोत हाइड पार्क भागात राहते. तिच्याकडे गेलो की सकाळी फिरताना एलिस अ‍ॅव्हेन्यूवरून जातो. तिथे हेन्री मूर यांचं काशाचं एक शिल्प आहे. एका बाजूने ते कवटीसारखं दिसतं, एका बाजूने अणुस्फोटाच्या ढगासारखं. माणसाने पहिली नियंत्रित अणुसाखळी जिथे सुरू केली ती ही जागा. मुलगी सहज म्हणाली, "बाबा, इथे आधी स्टेडियम होतं. स्टॅग फील्ड." मी विचारलं, "मैदान कुठाय मग?" तिने शेजारच्या ग्रंथालयाच्या प्रचंड इमारतीकडे बोट दाखवलं. मैदानावर इमारत उभी राहिलेली आम्ही कोल्हापूरकरांनी कमी पाहिलेली नाही. पण या मैदानाला नाव असलेला माणूस कोण, हे शोधायला मी त्याच दिवसापासून लागलो.

स्टॅग यांचा जन्म १६ ऑगस्ट १८६२ चा, न्यू जर्सीतल्या वेस्ट ऑरेंजचा. वडील चांभारकाम करायचे आणि मिळेल ती मोलमजुरीही. आठ भावंडांतला हा पाचवा. शिकायचं म्हणून घराबाहेर पडला, एक्झेटरच्या शाळेत कसेबसे दिवस काढले आणि १८८४ मध्ये येल कॉलेजात दाखल झाला. तिथे माळ्यावरच्या बिनशेकोटीच्या खोलीत राहायचा. खिशात पैसे नव्हते, म्हणून सोडा बिस्किटांवर दिवस काढायचा. शेवटी पोटाला पुरेसं न मिळाल्याने आजारीच पडला. हा भाग मी दोनदा वाचला. सकाळच्या सरावाला उपाशी येणारी आणि चक्कर आली तरी 'काही नाही सर' म्हणणारी पोरं मी पाहिली आहेत. त्यांच्यासाठी मी शेंगदाणे आणि गूळ ठेवायचो. येलमध्ये स्टॅगच्या वाट्याला असं कोणी होतं की नाही कोण जाणे, पण पुढे जेवण-झोपेची शिस्त त्यांनी आपल्या खेळाडूंना जन्मभर लावली, ती त्या माळ्यावरून आलेली असणार.

येलमध्ये त्यांचं नाव आधी झालं ते बेसबॉलमध्ये. चेंडू फेकण्यात ते इतके तरबेज होते की व्यावसायिक संघांकडून बोलावणी आली. त्यांनी नकार दिला. त्या काळी व्यावसायिक बेसबॉलच्या मैदानाला दारूचा गुत्ता चिकटलेला असायचा, आणि या मुलाला धर्मोपदेशक व्हायचं होतं. चांभाराच्या घरातल्या, अर्धपोटी शिकलेल्या पोराने रोख पैशाला नाही म्हणणं सोपं नव्हतं.

आता त्या काळचा फुटबॉल. आम्ही कोल्हापुरात फुटबॉल म्हणतो तो हा नव्हे. आमच्याकडे पाटाकडील, खंडोबा अशा तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर भिडतात, तो पायाने खेळायचा. हा लांबुळक्या चेंडूचा, चेंडू काखेत घेऊन घुसायचं आणि समोरच्याने त्याला जमिनीवर आणायचं. आमच्या वाचकाला समजायचं तर कबड्डीची पकड डोळ्यांसमोर आणावी. तीच कमरेची पकड, तीच घोट्याची, पण चढाई करणाऱ्याच्या मागून त्याचे सगळे साथीदार धावत येतात आणि समोरचे सगळे तोंडावर येऊन आदळतात. येलच्याच वॉल्टर कँप यांनी नियमांना आकार दिला होता: दोन्हीकडे अकरा गडी, आणि तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू गमवायचा. पुढे चेंडू फेकायला बंदी. म्हणजे पाच यार्ड मिळवायला एकच उपाय, माणसांची भिंत घेऊन माणसांच्या भिंतीवर जायचं. डोक्याला काही नाही, अंगावर जाड कापड.

या खेळात स्टॅग टोकाला खेळायचे. अंगाने आडदांड नव्हते, पण चपळ. १८८८ चा येलचा संघ १३ सामने खेळला आणि सगळे जिंकला. येलचे गुण ६९८, समोरच्या सगळ्यांचे मिळून शून्य. पुढच्या वर्षी देशभरातल्या उत्तम अकरा खेळाडूंची पहिली यादी जाहीर झाली, तिच्यात स्टॅग होते.

मला त्याहून मोठं वाटतं ते गादीचं प्रकरण. येलमध्येच स्टॅग यांनी गादीची वळकटी करून ती टांगली आणि तिच्यावर झेप घेऊन पकड मारायचा सराव सुरू केला. आज प्रत्येक अमेरिकन शाळेच्या मैदानावर दिसणाऱ्या सरावाच्या बाहुल्याचं हे मूळ. हे वाचताच मला बाळंभटदादा देवधर आठवले. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात त्यांनी मल्लखांबाला रूप दिलं, त्याचा उपयोगही हाच: पहिलवानाने डाव जिवंत माणसावर टाकण्याआधी लाकडावर घोटून घ्यावा. जोडीदार थकतो, त्याची हाडं मोडतात. खांब उभाच असतो. दोघांची गाठ पडण्याचा प्रश्नच नाही. पण शिकणाऱ्याचं अंग न मोडता त्याला कसं घडवायचं, हा प्रश्न दोघांनाही पडला होता, आणि त्यावर जो उपाय शोधतो तो खरा वस्ताद.

धर्मोपदेशकाचं शिक्षण स्टॅग यांनी अर्ध्यावर सोडलं. व्यासपीठावर उभं राहून बोलणं आपल्याला साधत नाही हे त्यांना कळून चुकलं. पण उपदेश करायची इच्छा गेली नव्हती. तो मैदानावर करायचा असं त्यांनी ठरवलं. १८९० मध्ये ते स्प्रिंगफिल्डच्या वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत गेले. तिथे त्यांच्या फुटबॉल संघात मधल्या जागेवर एक कॅनडियन खेळायचा, जेम्स नेस्मिथ. डिसेंबर १८९१ मध्ये हिवाळ्यात पोरांना आत गुंतवायला म्हणून नेस्मिथ यांनी फळांच्या टोपल्या गॅलरीच्या कठड्याला ठोकून बास्केटबॉल काढला. ११ मार्च १८९२ रोजी लोकांसमोर पहिला सामना झाला, शिक्षक विरुद्ध विद्यार्थी. विद्यार्थी ५-१ ने जिंकले. शिक्षकांची ती एकुलती एक टोपली स्टॅग यांची.

ही शाळा माझ्या घरापासून वाटते तितकी लांब नाही. स्प्रिंगफिल्डचेच हॅरी बक यांनी १९२० मध्ये मद्रासला वायएमसीएचं शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं आणि आपल्याकडे 'शारीरिक शिक्षण' नावाचा विषय तिथून पसरला. मी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलो. तिथे लाठी, मल्लखांब, कबड्डी आमची, आणि बास्केटबॉल, कवायतीच्या पाठांची आखणी, मैदानाची मापं ही त्या वाटेने आलेली. दोन्ही एकाच पटांगणावर शिकलो. पाठाच्या टाचणवहीत 'उद्दिष्ट' म्हणून चारित्र्य लिहायची पद्धत होती. हा शब्द तिथे कुठून आला ते मला स्टॅग वाचल्यावर कळलं.

आता ती नेमणूक. विल्यम रेनी हार्पर हे येलमध्ये हिब्रू आणि बायबल शिकवायचे, स्टॅग त्यांच्या वर्गात बसलेले. शिकागोत नवं विद्यापीठ उभारायचं काम हार्पर यांच्याकडे आलं तेव्हा त्यांनी या जुन्या विद्यार्थ्याला बोलावलं. वर्षाला १,५०० डॉलर देतो म्हणाले. स्टॅग गप्प. हार्पर २,००० वर आले, सोबत सहायक प्राध्यापकपद. स्टॅग तरी गप्प. मग हार्पर म्हणाले, २,५०० आणि तहहयात सहयोगी प्राध्यापक. स्टॅग घासाघीस करत नव्हते, ते नुसते विचारात पडले होते. पैशासाठी ते काही बोलले नाहीत, पण मान मिळत होता तो त्यांनी घेतला. 'शारीरिक संस्कृती आणि क्रीडा' असा स्वतंत्र विभाग, आणि त्याचा प्रमुख लॅटिनच्या किंवा रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाच्या पंगतीला. तोवर अमेरिकेत प्रशिक्षक म्हणजे हंगामापुरता आणलेला जुना खेळाडू, बिदागी घेऊन परत जाणारा. हार्पर यांना विद्यापीठाचं नाव गाजवायचं होतं, हे खरं. त्यांचा हेतू निव्वळ शैक्षणिक होता असं म्हणण्याइतका मी भोळा नाही. तरी नेमणूक झाली ती शिक्षक म्हणून झाली.

१ ऑक्टोबर १८९२ ला शिकागो विद्यापीठ सुरू झालं. संघाला धड अकरा मुलं भरेनात, म्हणून तिशीचे स्टॅग स्वतः गणवेश चढवून उतरले. सुरुवातीचे सामने शेजारच्या हायस्कुलातल्या पोरांशी. दोन वर्षांनी त्यांनी तिथल्याच विद्यार्थिनीशी, स्टेला रॉबर्ट्सनशी लग्न केलं. स्टेलाबाई पुढे समोरच्या संघांचे सामने बघून चाली कागदावर टिपून आणायच्या. वस्तादाच्या बायकोला आमच्याकडेही पैलवानांचा खुराक, दुखणीखुपणी सगळं ठाऊक असतं, पण डावांची वही ठेवणारी बाई मी दुसरी ऐकली नाही.

स्टॅग दारूला शिवत नसत, तंबाखूला शिवत नसत, आणि शिवी देत नसत. फार चिडले की खेळाडूला 'गाढव' म्हणायचे. त्याहून चिडले तर 'दुप्पट गाढव'. खेळाडू आपापल्या बढत्या मोजत असत. मीही पोरांना गाढव म्हटलं आहे, आणि दुसरंही बरंच काही, ज्याचं आता वाईट वाटतं.

१९०५ चं साल या गोष्टीत सगळ्यात जड आहे. त्या काळच्या मोजणीनुसार त्या एका हंगामात देशभरात १८ मुलं फुटबॉल खेळताना मेली. ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खडसावलं होतं, तरी हंगाम तसाच चालला. आणि त्याच हंगामाच्या शेवटी, ३० नोव्हेंबरला, स्टॅग यांच्या आयुष्यातला सगळ्यात गाजलेला सामना झाला. मिशिगनचा संघ १९०१ पासून ५६ सामन्यांत हरलेला नव्हता. २५ हजारांहून जास्त माणसं थंडीत बसलेली. शिकागोच्या वॉल्टर एकर्सॉलने लाथेने उंच उडवलेला चेंडू मिशिगनच्या डेनी क्लार्कने आपल्याच गोलरेषेमागे पकडला, बाहेर यायला धडपडला आणि शिकागोच्या गड्यांनी त्याला पुन्हा मागे रेटला. दोन गुण. सामना २-० असाच संपला. हार्पर तेव्हा कर्करोगाने अंथरुणाला खिळलेले. पुढच्या जानेवारीत ते गेले.

एकर्सॉल हा त्या पिढीचा लाडका खेळाडू. पण त्याने पदवी कधी पूर्ण केली नाही. इथे मला माझ्या वस्तादांशी भांडावंसं वाटतं. मैदान हा वर्ग आहे असं म्हणायचं आणि वर्गात मुलगा बसतो की नाही इकडे काणाडोळा करायचा, हे जुळत नाही. व्यावसायिक फुटबॉल मुलांना नासवेल असं स्टॅग यांनी १९२३ मध्ये जाहीरपणे लिहिलं. पण तिकिटांची रांग, हजारोंची गर्दी, हायस्कुलातून हेरून आणलेले खेळाडू हे सगळं शिकागोत त्यांच्याच हाताखाली वाढलं होतं. मनाने ते स्वच्छ होते, याबद्दल मला शंका नाही. मैदानाभोवती गॅलरी उभी राहिली की मैदानाचा धर्म हळूहळू बदलतो, आणि तो बदल मैदानाच्या मधोमध उभ्या असलेल्या माणसाला सर्वांत उशिरा दिसतो. जिल्हा स्पर्धेत चषकासाठी जायबंदी मुलाला उतरवण्याचं पाप मीही एकदा केलं आहे.

पण १९०६ मध्ये नियम बदलायला जी समिती बसली तिच्यात स्टॅग होते. पुढे चेंडू फेकायला परवानगी मिळाली, तीन प्रयत्नांत पाचऐवजी दहा यार्ड, आणि दोन संघांच्या मध्ये चेंडूच्या लांबीइतकी मोकळी जागा. यातली प्रत्येक गोष्ट माणसांचा ढीग फोडण्यासाठी होती. हवेतून चेंडू जाऊ लागला की सगळ्यांना एका जागी गोळा होऊन चालत नाही, पांगावं लागतं. जुन्या वळणाचे प्रशिक्षक या पासला बिचकत होते. स्टॅग यांनी तो लगेच आपल्या चालींत घेतला. त्याच वर्षी पश्चिमेकडच्या विद्यापीठांनी आपसांत ठरवलं की सामने कमी करायचे, खेळाडूंची खास खानावळ बंद करायची, आणि प्रशिक्षक हा विद्यापीठाचा नियमित शिक्षकच असला पाहिजे. म्हणजे हार्पर यांनी एका माणसासाठी केलेली सोय आता नियम म्हणून मागितली जात होती.

मधली वर्षं मी भराभर ओलांडतो. १९१३ मध्ये पुन्हा अपराजित संघ, त्याच सुमारास मैदानाला स्टॅग यांचं नाव, १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकन धावपटूंचं प्रशिक्षण. (त्याच पॅरिसला आपल्या भारतीय चमूबरोबर मद्रासचे बक गेले होते.) विसाच्या दशकाच्या उत्तरार्धात मोठी सरकारी विद्यापीठं पुढे निघून गेली आणि शिकागो हरू लागलं.

१९३२ मध्ये स्टॅग सत्तर वर्षांचे झाले. विद्यापीठाचा नियम: सत्तरीला निवृत्ती. 'तहहयात' हा शब्द त्या नियमापुढे टिकला नाही. अध्यक्ष हचिन्स यांनी दुसरं मानाचं काम पुढे केलं, ते स्टॅग यांना नको होतं. त्यांना मैदान हवं होतं. चाळीस वर्षांचं बिऱ्हाड आवरून स्टॅग पतिपत्नी कॅलिफोर्नियात स्टॉकटनला गेले आणि स्टॅग कॉलेज ऑफ द पॅसिफिक या लहानशा कॉलेजात शिकवू लागले. मी ५८ ला निवृत्त झालो तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सवयीने बूट चढवून दारात उभा होतो आणि कुठे जायचं ते कळत नव्हतं. स्टॅग यांना ते सत्तराव्या वर्षी कळलं होतं.

१९३८ मध्ये हा लहान कॉलेजचा संघ घेऊन ते शिकागोला आले. सामना स्टॅग फील्डवरच. पॅसिफिक ३२, शिकागो ०. स्वतःच्या नावाच्या मैदानावर, स्वतःच्याच जुन्या विद्यापीठाविरुद्ध. त्या दिवशी त्यांच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये शिकागोने फुटबॉलच बंद केला. १९४३ मध्ये, ८१ व्या वर्षी, देशातल्या प्रशिक्षकांनी स्टॅग यांना वर्षाचा उत्तम प्रशिक्षक म्हणून निवडलं.

आणि रिकाम्या स्टॅग फील्डवर? पश्चिमेच्या गॅलरीखाली रॅकेटच्या खेळाचं एक बंदिस्त कोर्ट होतं. १९४२ च्या हिवाळ्यात तिथे एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रॅफाइटच्या विटा रचल्या. विटा वाहायला जवळच्या कामगारवस्तीतली शाळा सोडलेली पोरं लावली होती. काजळीने काळीठिक्कर होऊन ती बाहेर पडायची. २ डिसेंबरला साखळी सुरू झाली. तिथून पुढे हिरोशिमापर्यंतची वाट आपल्याला ठाऊक आहे. मैदान मोकळं पडलेलं होतं म्हणून ती जागा मिळाली, हे डोक्यातून जात नाही. गॅलरी १९५७ मध्ये पाडली. ग्रंथालय १९७० मध्ये उघडलं, आणि स्टॅग यांचे सगळे कागद आज त्याच ग्रंथालयात जपून ठेवलेले आहेत, आपल्याच मैदानाच्या मातीवर.

८४ व्या वर्षी पॅसिफिकनेही सल्लागाराची खुर्ची पुढे केली. पुन्हा नकार. धाकटे एमस स्टॅग पेन्सिल्व्हेनियातल्या सस्क्वेहॅना नावाच्या लहान विद्यापीठात प्रशिक्षक होते. १९४७ पासून दर पानगळीत हा म्हातारा देश ओलांडून मुलाच्या हाताखाली, किंवा बरोबरीने म्हणा, काम करायला जायचा. १९५२ नंतर स्टेलाबाईंची तब्येत ढासळली. तेव्हा मात्र त्यांनी लांबचा प्रवास सोडला, स्टॉकटनमध्येच थांबले आणि गावातल्या ज्युनिअर कॉलेजच्या पोरांना चेंडूला लाथ कशी मारायची एवढंच शिकवू लागले. पाय कुठून आणायचा, घोटा कसा ताठ ठेवायचा, नजर कुठे. हे काम ते १९६० पर्यंत करत होते. वय ९८. स्टेलाबाई १९६४ मध्ये गेल्या, स्टॅग १७ मार्च १९६५ ला, १०२ वर्षं पूर्ण करून.

शिकागोत १९६९ पासून फुटबॉल पुन्हा सुरू आहे. जुन्या जागेपासून थोडं पश्चिमेला नवं मैदान आहे, नाव तेच. गेल्या सप्टेंबरात मी तिथे कुंपणाला टेकून सराव पाहिला. मोठी पोरं चाली घोटत होती. एका कोपऱ्यात एक किडकिडीत मुलगा एकटाच लाथ मारायचा सराव करत होता, आणि दर वेळी त्याचं टेकलेलं पाऊल चेंडूच्या फार मागे पडत होतं. मला राहवलं नाही. कुंपणाबाहेरूनच मी हाताने खूण केली: अजून थोडं पुढे. त्याने माझ्याकडे पाहिलं, पाऊल वीतभर पुढे टेकवलं आणि पुन्हा मारला.